किंचित तिरका शाफ्ट

वऱ्हाडाच्या गाडीखाली शिरल्याशिवाय ज्यांना लग्न पार पडल्यासारखे वाटत नाही, असे गृहस्थ रत्नागिरीत एकच आहेत आणि ते मांडवीला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सगळी आळी त्यांना चाचा म्हणते. त्यांचे आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेले. निवृत्त होऊन घरी येताना बरोबरीच्या लोकांनी घड्याळे आणली, अत्तरे आणली. चाचांनी सांध्यांत वंगण भरायची ग्रीस गन आणली. पहिल्याच शुक्रवारी पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर ती खांद्याला अडकवून ते नमाजाला निघाले, तेव्हा चाचींनी ती दारातच उतरवून घेतली. "तिथं काही कुरकुरत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

चाचांचा जीव ज्या वस्तूत अडकला आहे तिचे नाव युनिव्हर्सल जॉइंट. दोन शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, एका रेषेत नसले तरी एकाचे फिरणे दुसऱ्याला पोचवणारा हा सांधा. ट्रकच्या पोटाखाली तो असतो. त्याच्या मध्यभागी अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो, त्याला गॅरेजवाले क्रॉस म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या आणि टोप्यांच्या आत सुयांसारखे बारीक रोलर. लोक खिडकीत शंखशिंपले मांडतात, तसे चाचांच्या खिडकीत मेलेले क्रॉस मांडलेले आहेत. त्यांच्यावरचे ओरखडे पाहून ते ड्रायव्हरचा स्वभाव सांगतात. जयगड बंदरावर माल नेणारा एक ट्रकवाला एकदा आपला तुटका क्रॉस घेऊन आला. चाचांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "क्लच रागानं सोडतोस. घरी भांडून निघतोस काय रे?" तो म्हणाला, "घरी नाय चाचा, मालकाशी." चाचांनी मान डोलावली. निदान बरोबर आले होते, रोगाचा पत्ता तेवढा चुकला होता.

कोणाचीही जीप दारात थांबली की आधी खाली वाकून ते सांध्याला पालथा हात लावतात, पोराचा ताप बघावा तसा. मग पाहुण्यांना या म्हणतात. माझ्या मोटारीला पुढच्याच चाकांचा जोर आहे, तिच्या पोटाखाली असा शाफ्टच नाही, हे कळल्यापासून तिच्याकडे ते फार दयेने बघतात.

त्यांचा मुख्य सिद्धांत मात्र ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. अगदी सरळ रेषेत बसवलेला शाफ्ट लवकर मरतो, असे ते सांगतात. "सरळ असला तर टोपीतल्या सुया हलतच नाहीत. एकाच जागी बसून राहतात. एकाच जागी बसणाऱ्याच्या गादीला खड्डा पडतो की नाही? किंचित तिरका ठेवा. हलतील, ग्रीस फिरवतील, जगतील." जास्त तिरका केला तरीही मरतो, हे ते मागाहून जोडतात, कारण किंचित या शब्दाचा अर्थ लोकांना कळत नाही अशी त्यांची खात्री आहे.

या सिद्धांताची परीक्षा त्यांच्या जावयाच्या बोटीवर झाली. जाळे ओढणारा विंच तिथे इंजिनावर चालतो आणि मधला शाफ्ट याच सांध्यांवर फिरतो. खारे पाणी टोप्यांत शिरते, सुया गंजतात. मागच्या हंगामात जाळे पाण्यात असताना सांधा तुटला. खलाशांनी हातांनी ओढले तेवढे ओढले, बाकीचे जाळे मासळीसकट कापून सोडावे लागले. जावयाने कतारचा व्हिसा मिळवून ठेवला आणि घरात सांगून टाकले, की यंदा विंच फसला तर बोट विकणार आणि जाणार. दुसऱ्या दिवशी ग्रीस गन घेऊन चाचा जेटीवर हजर झाले.

पावसाळ्यात बोट बंद होती, तेवढ्यात त्यांनी सगळे उरकले. नवे क्रॉस, घट्ट रबरी सील, पाण्याचे सपकारे अडवायला वरून पत्र्याचे झाकण. विंचच्या पायाखाली फळी सारून शाफ्ट किंचित तिरका केला. बोट हाकणारा तांडेल नेटका माणूस. त्याला ते बघवेना.

"चाचा, वाकडा दिसतो हो."

"दिसू दे. बघायला कोण येणार, पापलेट?"

आणि घात नेटकेपणानेच केला. हंगामाआधी बोटीला रंग देताना आपल्याकडे कोणी हात आखडता घेत नाही. खलाशांनी बोट निळी केली, विंच निळा केला आणि जिथून ग्रीस आत जाते ती टोच्यांची तोंडेही निळी करून टाकली. तांडेल रोज इमानाने गन दाबी, ग्रीस टोचीच्या कडेने बाहेर येई आणि पोट भरले असे समजून तो ते पुसून टाकी.

हंगाम सुरू झाल्यावर एका दुपारी मी चाचांबरोबर जेटीवर होतो. जावयाची बोट लागलेली, विंचवर मासळीच्या पाट्या वर येत होत्या. चाचा बोलता बोलता थांबले.

"चिमणी," ते म्हणाले.

मी आकाशाकडे पाहिले. तोवर ते बोटीवर पोचले होते; चिवचिव विंचच्या सांध्यातून येत होती. विंच थांबवून त्यांनी सांध्याला पालथा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हा रंग कोणी मारलान?"

पाट्यांपाशी उभा असलेला जावई म्हणाला, "अब्बा, गेला ना?" त्याचा आवाज शांत होता. निर्णय झालेल्या माणसाचा असतो तसा.

"गेलेला नाही. तहानलेला आहे."

चाचांनी कुर्त्याच्या खिशातून नव्या टोच्या काढल्या, जुन्या उपटून त्या बसवल्या आणि गन दाबायला घेतली. आधी एका टोपीतून काळपट ग्रीस आले, मग दुसरीतून, मग तिसरीतून. चौथी अडली. चाचांनी शाफ्ट हाताने थोडा फिरवून पुन्हा दाबले. कुर्ता पार बरबटला होता. शेवटी चौथीतूनही आले, आणि चारी टोप्यांतून स्वच्छ ग्रीस येईपर्यंत ते थांबले नाहीत. "चालू कर," ते जावयालाच म्हणाले. विंच फिरला. चिमणी गप्प झाली. जावई बराच वेळ त्या फिरणाऱ्या शाफ्टकडे बघत राहिला, मग पाट्या मोजायला वळला.

हंगाम संपला, सांधा टिकला. व्हिसाची मुदत केव्हा संपली ते कोणी मुद्दाम सांगितले नाही. मी चाचांना म्हणालो, यावर लिहायला हवे. ते म्हणाले, "तुटला तर बातमी. टिकला त्यात काय लिहिणार?"

आता नव्या हंगामात बोट परत आली की संध्याकाळी मुलीचा फोन येतो. परवा मी तिथेच बसलो होतो. ती म्हणाली, "अब्बा, हे आले." चाचांनी विचारले, "चारी टोप्यांतून येतं ना ग्रीस?" ती म्हणाली, "हात धुवून जेवायला बसलेत."

चाची माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, "आमच्या घरात 'हे आले' म्हणायचं तर वर्ष वर्ष वाट बघायला लागायची."

चाचांनी ते ऐकले. फोनच्या पलीकडे मुलीच्या घरी ताटे मांडल्याचा आवाज येत होता. फोन कानाला तसाच धरून ते तो आवाज ऐकत बसले.