ट्रंकेत काय आहे?

१९९८, हिवाळ्यातला शुक्रवार, सकाळ. किर्यात गात, माझं घर. हजर: मी आणि बाबा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही.

बाबा दर शुक्रवारी लोद गावाहून पहिल्या बसने यायचे, डब्यात माशाची आमटी घेऊन, आणि संध्याकाळी शब्बात, आमचा विश्रांतीचा दिवस, लागून बस बंद व्हायच्या आत शेवटच्या बसने परत जायचे. मधल्या वेळात आम्ही कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचो. पावसाळी बंदर, बेपत्ता गायिका, काळ्या टोपीतला डिटेक्टिव्ह — बाबा त्याला ‘आपला सीआयडी’ म्हणायचे. प्रत्येक वस्तूवर माउस नेऊन क्लिक करायचं, की तो काहीतरी बोलणार. इंग्रजीत. माझं इंग्रजी यथातथाच. बाबा मुंबईत जहाज कंपनीत कारकून होते. इथे, ज्यूंच्या देशात आल्यावर, विमानतळावर त्यांनी आयुष्यभर सामान ओढलं. त्यांचं इंग्रजी इथे कुणी विचारलं होतं? चष्मा पुसून ते एकेक वाक्य मला मराठीत सांगायचे.

खेळातल्या हॉटेलची मालकीण म्हणाली, काय ते ट्रंकेत आहे. झालं! तिथल्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होतीच. उघडेना. चार शुक्रवार आम्ही किल्ली शोधली.

“सापडेल गं बाय,” बाबा म्हणायचे. “घाई कुणाला आहे?”

मला होती — आता लिहूनच टाकते. माझ्या यादीत शुक्रवारी कपडे, बाजार, फरशी, आणि वर बाबा.

मग कारखान्यात, जिथे मी स्टोअर सांभाळते, अमेरिकेहून आलेली एक बाई म्हणाली, खोकं ट्रंकमध्ये ठेव — आणि तिने गाडीची डिकी उघडली. डिकी! त्याच दुपारी घरी येऊन मी खेळातल्या गाडीवर क्लिक केलं. डिकीत गायिकेचा कोट, खिशात पत्र. दोन दिवसांत खेळ संपवला. एकटीने.

शुक्रवारी बाबांना दारातच सांगितलं, “डिस्क बिघडली.”

“मग पुढच्या शुक्रवारी?”

“मग कशाला एवढ्या लांब येता?”

त्यांनी आमटीचा डबा माझ्या हातात दिला. “बरं, बरं,” म्हणाले. “बसला गर्दीही फार असते.”

ट्रंकेचा अर्थ चुकला हे न सांगता त्यांच्या इंग्रजीची लाज राखली, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मला शुक्रवार मोकळा हवा होता — आणि मिळाला. दहा वाजेपर्यंत सगळी कामं उरकली. मग काय केलं? खुर्चीत बसून राहिले.

वर्षभर दर शुक्रवारी फोन यायचा. “शब्बात शालोम, बाय. झाली का दुरुस्त?” मी म्हणायचे, नाही. तेव्हा डिस्क टेबलावरच असायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. फोनवर आता तब्येत आणि हवा, एवढंच.

बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. लोदला एकटे. मी इथे एकटी. गाडी मीही घेतली आहे; जाऊन आणायला तासभर लागतो.

या आठवड्याच्या यादीतलं नळाचं झालं, गोळ्या आणल्या, बहिणीचं पार्सल टाकलं. ‘बाबांना शुक्रवारी घरी बोलावणे’ — हे राहिलं आहे.