फ्यूज खिशात घालून जेवलेले साडू

अख्ख्या जुन्नर-आंबेगावात विजेवर इतका अविश्वास असलेला माणूस दुसरा झाला नसेल, आणि तो माझा थोरला साडू होता हे सांगताना माझी छाती अजून फुगते. निमगाव सावात त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर थ्री-फेजची मोटर चालवणारा हा माणूस घरी आला की साध्या बल्बकडेही संशयाने बघायचा. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावत. कुणाकडे गेले की पाणी प्यायच्या आधी फ्रिजला हाताची पालथी बाजू लावून बघत. "झटका बसला तर पालथा हात मागं येतो. तळहातानं धरलं तर सुटत न्हाई." लग्नात नवरीआधी मांडवाच्या वायरी बघत. एकदा ऐन मंगलाष्टकांत जळका वास आला म्हणून त्यांनी मांडवाची लाइनच बंद केली. वास उदबत्तीचा निघाला. "उदबत्ती व्हती म्हणून वाचलात," एवढंच म्हणाले. लोडशेडिंगमध्ये सगळा तालुका घामाघूम व्हायचा, तेव्हा हे एकटे निवांत झोपत.

नव्वदचं दशक सरता सरता मी मंचरला एक जुनं घर विकत घेतलं. गावचं घर सोडायला लावून आईला इकडे आणतोय, ही टोचणी मनात होतीच. म्हणून वास्तुशांत तरी थाटात व्हावी, अंगणात दिव्यांच्या माळा लागाव्यात, असं वाटत होतं. घर विकणाऱ्या गृहस्थांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "या घरात फ्यूज कधी गेला नाही." मीही ते कौतुकाने चारचौघांना सांगत सुटलो. साडूंच्या कानावर गेलं आणि वास्तुशांतीच्या आदल्या सकाळी त्यांची मोटारसायकल दारात हजर.

आल्या आल्या त्यांनी मेन स्विच पाडला आणि चिनीमातीचे फ्यूज ओढून काढले. आत केसासारखी तार हवी, तिथे तांब्याचा जाड पीळ भरलेला. "ह्यो कसला जातोय? घर जळंल, पण ह्यो जायचा न्हाई." बारीक तार घालून त्यांनी स्विच चढवला. फट् करून तार जळाली. त्यांचा चेहरा उजळला. "बोललं बघा तुमचं घर." मग भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या उचकटणं सुरू झालं. स्वयंपाकघरात, मोरीलगतच्या ओल्या भिंतीवर, वायरीचं आवरण बोट लागताच भुगा होऊन पडलं. आई याच मोरीत बसून भांडी घासणार होती, आणि गुडघे धरलेले असल्याने याच भिंतीला ओला हात टेकून उठणार होती. साडूंनी त्या वायरीचा एक तुकडा तोडून घेतला. सगळे फ्यूज त्यांनी खिशात घातले.

वास्तुशांत समयांच्या उजेडात झाली. माळा पिशवीतच राहिल्या. अवसरीहून आलेले माझे चुलते भर पंगतीत म्हणाले, "काय राव, बिल थकवलं का काय?" मी साडूंजवळ जाऊन पुटपुटलो, "निदान पुढच्या खोलीपुरती तरी लाइन द्या." ते मठ्ठा पीत होते. जरा हलले की खिशातले फ्यूज एकमेकांवर वाजत.

"साडूभाऊ, देवाला समई चालती. तुमच्या आईला ती भिंत चालायची न्हाई."

ते उठले, हात धुतले आणि वायरीचा तो तुकडा रुखवत दाखवावं तसा पंगतभर दाखवत फिरले. चुलत्यांनी तो बोटांनी चोळून पाहिला. मग आवाज उतरवून म्हणाले, "पावणं, आमच्याबी घरचा फ्यूज कधी जात न्हाई. येता का एकदा?"

"आधी जेवून घ्या," साडू म्हणाले. "तवर काय लावू नका म्हणावं घरी."

पुढे गिरणी बंद ठेवून त्यांनी माझ्या घरातली सगळी वायर बदलली. शिडी धरायचं काम माझ्याकडे होतं. शेवटी स्विच चढवून त्यांनी ती भिंत स्वतः तपासली आणि आईला मोरीत बसवलं.

"आता उठा मावशी. टेका हात."

आई ओला तळवा भिंतीला लावून सावकाश उठली. "गार लागती रे," म्हणाली. साडू तोंड फिरवून पट्ट्यांचे तुकडे गोळा करू लागले.

आता दोघंही नाहीत. आई त्या घरात बरीच वर्षं राहिली. मोरीलगतच्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर, रंग झिजून गुळगुळीत झालेली तळहाताएवढी जागा आहे. रंगारी आला की तिथे पॉलिश पेपर घेऊन थांबतो. मी त्याला तेवढी जागा सोडून बाकीची भिंत रंगवायला सांगतो.