पायपेटी आणि मुकी मारामारी

१ नोव्हेंबर १९९८, रविवार, दुपारी अडीच. रक्कम सहाशे रुपये. हजर माणसं तीन: मंडईच्या समितीचा खजिनदार म्हणून मी, मूल गावाहून आलेले पायपेटीवाले मास्तर (पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम), आणि टीव्ही-व्हिडिओ व टेप भाड्याने देणारा. शाळेच्या खोलीत व्हिडिओवरचा पिक्चर बघायला शंभरावर प्रेक्षक होते, पण व्यवहार आम्हा तिघांतला.

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आमच्या मुलचेऱ्याकडच्या गावात नाटक गावातलीच मंडळी करायची. मास्तर तेवढे बाहेरचे, बारा वर्षं तेच येत. एरवी ते पेट्या दुरुस्त करत. घर चालायचं ते मुख्यतः मंडयांच्या दीड-दोन महिन्यांवर. त्या वर्षी मी सुचवलं की नाटकातल्या मारामारीचं संगीत पिक्चरमधून कॅसेटवर भरून घ्यावं. मास्तरांचे सहाशे, टेपचं भाडं पंचाहत्तर, म्हणजे सव्वापाचशे वाचतात. हिशोबात चूक नव्हती. मास्तरांना कळवायचं मात्र राहून गेलं, आणि ते पायपेटी फाट्यावरून बैलबंडीवर टाकून हजर झाले.

शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना सांगितलं.

"चिठ्ठी तं टाकाची होती, भाऊ," ते म्हणाले. "मी दुसऱ्या गावाले नाई म्हणून आलो."

बंडीभाडं देतो, असं मी म्हणालो. मला उभंही राहवेना आणि आत जाऊन बसवेनाही.

तेवढ्यात आतून हशा आला. टीव्हीचा आवाज गेला होता आणि पडद्यावर गोदामातली मारामारी चालू होती. आवाजाशिवाय सगळं उघडं पडलं होतं. हिरोची मूठ गुंडाच्या जबड्यापासून चांगली वीतभर लांबून जात होती, आणि गुंड तरी पडत होता.

"हे तं यष्टीत जागा धरून राह्यले," कोणीतरी म्हणालं.

मागचे लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. व्हिडिओवाला माझ्याकडे बघत होता. मी मास्तरांकडे वळलो आणि वाजवाल का, असं विचारलं. विचारताना माझी मान खाली होती.

"कापून बी टाकता अन् वाजवाले बी सांगता?" ते म्हणाले. मग त्यांनी आत पाहिलं. "लोक हासून राह्यले थे पाहावत नाई. उचला पेटी."

फीत मागे घेतली. मास्तरांनी खालची एकच पट्टी दाबून धरली, बाकी काही नाही. हिरो नुसता दाराशी आला तरी खोली गप्प झाली. ठोसा बसताना ते जोरात वाजवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट केलं. ठोशाच्या आधी हात उचलले. त्या शांततेत मूठ गेली आणि पुढच्या बायकांनी श्वास आत ओढला. मूठ अजूनही वीतभर लांबच होती. मी मुद्दाम पाहिलं. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नाही.

लोकांनी पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला मास्तरांनी लेक सासरी निघताना नाटकात वाजवतात ती संथ चाल धरली. आता सगळे खाली पडलेल्या गुंडाकडे बघू लागले.

"पुरे कर ना रे बावा," एक म्हातारी बाई हिरोला म्हणाली. "त्याले बी घरी कोनी असन."

मी घड्याळ लावलं होतं. दोन्ही वेळा तीन मिनिटं दहा सेकंद. ठोसा एकही कमी-जास्त नाही.

मी तडक नाटकाच्या मांडवात गेलो. तिथे आमची मंडळी कॅसेटवर तलवारीची तालीम करत होती. खलनायकाचं धोतर अडकलं, तो अर्धा मिनिट उशिरा आला, आणि कॅसेटवरचा मोठा धडाका त्याच्या आधीच होऊन गेला. आमचा हिरो रिकाम्या जागेवर तलवार रोखून उभा होता.

"काका, त्या टेपले थांबाले सांगा ना," तो म्हणाला.

टेप थांबत नाही, माणूस कुठे पोहोचला ते पाहत नाही, हे मी सव्वापाचशेत धरलंच नव्हतं. समितीचे अध्यक्ष मांडवाची दोरी बांधत होते. चूक माझी आहे, मास्तरांना ठेवायचं, असं मी त्यांना सांगितलं. "मंग ठेवा ना, खजिनदार कोन हाय?" ते म्हणाले आणि पुन्हा दोरीला लागले.

व्हिडिओवाल्याला टेपचे पंचाहत्तर मी माझ्या खिशातून दिले. मास्तरांना समितीतून सहाशे, नाटकाआधी, साडेपाचला, रोख. दुपारच्या वाजवण्याचे आणखी शंभर मी पुढे केले. त्यातले वीस त्यांनी बंडीवाल्याला द्यायला लावले आणि ऐंशी मोजून ठेवून घेतले.