ब्रेकमधली हवा

आज सकाळी अंगणात ब्रेक ऑइलचा तो उग्र वास आला आणि मी मनाने थेट पाथर्डीच्या माहेरच्या दारात जाऊन उभी राहिले. इथे आमच्या गाडीच्या ब्रेकचं पेडल कालपासून मऊ लागत होतं. मऊ म्हणजे नळीत हवा शिरलेली, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट सैल करून हवा नि तेल बाहेर काढायचं, तो आवळायचा आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी पाय उचलला, की हवा पुन्हा आत!

मी शिकायला बाहेर पडायची होते, त्या वर्षी माझ्या आईचा आणि दादांचा, म्हणजे वडिलांचा, अबोला चालला होता, आणि त्याचं कारण मी. नर्सिंग शिकायला मला नगरच्या वसतिगृहात राहायचं होतं. आई हो म्हणाली, दादा नाही म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तरी दादांचा होकार नाही. माझा जीव टांगणीला, आणि दादा मात्र सकाळपासून घरच्या जीपच्या चाकाशी, ब्रेकमधली हवा काढत!

पेडलवर आई बसली. पण बोलायचं कसं? “आईला म्हनाव, दाब,” दादा मला सांगत. मी सांगे, आई दाबे. “तुझ्या दादांना इचार, सोडू का?” मी वाकून विचारीपर्यंत तिचा पाय उचललेला असे. झालं! दुपार कलली, पेडल मऊ ते मऊच. असली दोन हट्टी माणसं देवाने नेमकी एकाच घरात घातली, काय बोलणार!

शेवटी दादा ओरडलेच, “अगं, मी सोड म्हनस्तवर धरून ठिव की!”

“मग सरळ मलाच सांगा ना! तोंड हाय ना तुमाला?” आई आतून कडाडली.

मी हळूच बाजूला झाले. दाब. दाबलं. धर. धरलंय. सोड. बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालं. आईने तिथूनच विचारलं, “पोरीला उद्या नगरला कोन नेनार?”

दादा पाना पुसत म्हणाले, “मधी घाट हाय. उगंच हवा काढतोय व्हय मी सकाळधरनं?”

मला रडूच फुटलं.

माझी नोकरी, हे घर, ही गाडी, सगळं त्या दुपारमुळे. आज गाडीचं काम संपल्यावर राहवेना, म्हणून आईला फोन लावला आणि ब्रेकमधली हवा काढल्याचं सांगितलं. मागून दादांचा आता थकलेला आवाज आला, “तिला म्हनाव, वरच्या डबीत तेल घालत ऱ्हा, न्हाईतर परत हवा धरंल.”

“तुमीच सांगा की!” आई म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातात दिला. इतकी वर्षं गेली; दोघं अजून तशीच आहेत, माझं केवढं भाग्य.