डाव्या खांद्याची दुनळी

बाबा वारले तेव्हा त्यांची दुनळी रायफल नियमाप्रमाणे अकोल्यातल्या बंदुकीच्या दुकानात जमा करावी लागली. वारस दोघंच, दादा आणि मी. दादा पुण्याला नोकरीला, त्यामुळे संमतिपत्रं, वाशिमला कलेक्टर ऑफिसच्या चकरा, विक्रीची परवानगी, सगळं माझ्याकडे आलं. मी मानोऱ्यात शिवणकाम करते. दुकान बंद ठेवून जायचं म्हणजे दोन दिवसांचं काम बुडायचं, पण गेले.

परवानगी हातात पडल्यावर अकोला गाठलं. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी रायफल काउंटरवर आडवी ठेवली, नळ्या उघडून उजेडाकडे धरल्या आणि मान डोलावली.

"बहोत साफ ठेवली तुह्या बाबानं. पण डावरी हाये, बेटी. डावऱ्या मालाले गिऱ्हाईक भेटत नाई."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता डाव्या खांद्याकडे वळवलेला. गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला. नळ्या उघडायची किल्ली डावीकडे ढकलायची. उजव्या माणसाने खांद्याला लावली की डोळा आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी एका रेषेत येतच नाहीत.

"एक काम करू," ते म्हणाले. "माहा मिस्त्री हाये. उंचवटा तासून टाकते, दस्ता गरम तेलानं वाकवते. मंग उजवीसारखी दिसन. चार पैसे तरी येतीन."

"आणि तशीच इकली तं?"

"तशीच? अर्ध्यातही कोणी घेणार नाई."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि परतीची एसटी धरली.

बाबांना ती रायफल याच कारणाने मिळाली होती. एका जुन्या देशमुखी घरात ती कपाटात पडून होती. ज्याने करवून घेतली तो डावखुरा होता, त्याच्यानंतर त्या घरात कोणीच डावखुरा जन्मला नाही. बाबांनी सहज खांद्याला लावून पाहिली आणि घेऊनच आले. इंझोरीकडच्या आमच्या शेतात डुकरांचा त्रास होता, परवाना त्याच्यासाठीच. वर्षातून एखाद-दोन बार हवेत काढायचे, बाकी वेळ तेल लावून पुसत बसायचे. आई म्हणायची, "बंदूक पोसून राह्यले का डुकरं?"

मीही डावरी. पहिलीत गुरुजी माझ्या डाव्या हातावर पट्टी मारायचे आणि पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात कोंबायचे. मी घरी काही बोलले नाही, पण बाबांनी बोटं सुजलेली पाहिली. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले. खडू उचलून फळ्यावर डाव्या हाताने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, गावासकट.

"वाचता येते न, गुरुजी?"

"येते न."

"मंग पोरीले लिहू द्या."

एवढंच बोलले आणि खडूचे हात धोतराला पुसत निघून गेले. त्यानंतर पट्टी पडली नाही.

अकोल्याहून परतले त्या रात्री जेवणाआधी दादाचा फोन आला. मी चाचांचं बोलणं सांगितलं.

"तासून घे न मंग," तो म्हणाला. "लाकूड तं हाये. तुले काय त्याची पूजा करा लागते?"

"पूजा नाई. पण तासू देणार नाई."

"काहून?"

मी म्हणाले, "दादा, मी लोकायचे कपडे शिवते. एखादी बाई पाठीत वाकलेली असली तं मी तिच्या मापानं कापते. तो ब्लाउज दुसरीले होत नाई म्हणून तो बिघडलेला हाये का?"

दादा म्हणाला, "तुह्या मनानं कर. पण परवानगीची मुदत संपली तं मले बोलू नको."

मुदत खरोखरच थोडी होती. मी दुपारची मशीन बंद करून फोन लावायला बसले. अकोला, अमरावती, नागपूर, नांदेड, जिथे जिथे बंदुकीचं दुकान सापडलं तिथे. पहिले तीन फोन फुकट गेले. मी विचारायची, "डावखुरी दुनळी हाये, घेता का?" आणि समोरून हसू यायचं. एकाने तर म्हटलं, "ताई, भंगारात पाहा."

तो फोन ठेवल्यावर माझं डोकं सणकलं. पाणी प्याले आणि सवालच बदलला. पुढच्या दुकानाला विचारलं, "तुमच्या गिऱ्हाइकायमधे डाव्या खांद्यानं कोण बार काढते?"

तिकडचा माणूस म्हणाला, "आहे न एक. जनावरांचे डॉक्टर, रिटायर झाले आता. आले की आमच्या प्रत्येक बंदुकीले शिव्या देते."

"त्यायले माहा नंबर द्या." उरलेल्या दुकानांतही मी तोच सवाल विचारला आणि सांगतील ती डावखुऱ्यांची नावं वहीत लिहून घेतली, पण घ्यायला आणखी कोणी तयार झालं नाही.

डॉक्टर आठ दिवसांनी अकोल्याला आले. मीही गेले. उंच, सडपातळ माणूस, खिशातला चष्मा डाव्या हाताने काढणारा. चाचांनी रायफल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नळ्या उघडून पाहिल्या, रिकाम्या आहेत याची खात्री केली आणि भिंतीकडे तोंड करून खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकला. पुन्हा खाली घेतली, पुन्हा लावली. चार वेळा.

"जन्मात पहिल्यांदा मान वाकडी करा लागली नाई," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि व्यवहारी आवाजात बोलले, "ताई, डावरी आहे. बाजारात याचा भाव अर्धाच धरतात, तुम्हालाही माहीत असेल."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. घेऊन टाक तो भाव, असं त्यांचे डोळे सांगत होते. मुदतीचे पंधरा दिवस उरले होते आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "उजव्या माणसाले ही अर्ध्या भावातही महाग हाये. पण तुमी उजवे नाई. इथून निघून गेले तं दुसरी कुठी पाहसान?"

"म्हणजे जास्त मागता?"

"जास्त नाई. उजव्या दुनळीले जो भाव हाये, तोच. एक पैसाही कमी नाई. आणि दस्ता तासायचा नाई, कधीच."

ते चाचांकडे वळून म्हणाले, "उजवीचा भाव काय चालते?"

चाचांनी खरा भाव सांगितला. त्यांनी कमी सांगितला असता तर मला कळलं नसतं, पण सांगितला नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा रायफल खांद्याला लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, "कागद करा."

कागद व्हायला मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. दादाच्या वाट्याची रक्कम पाठवली तेव्हा त्याने फोनवर एकच विचारलं, "पूर्ण भावात? कशी काय?" मी सांगितलं, "मागितला म्हणून."

काही महिन्यांनी चाचांचाच फोन आला. हिंगोलीकडच्या कोण्या घरची डावरी बंदूक त्यांच्याकडे जमा झाली होती. मी तेव्हा फोन करकरून जमवलेली डावखुऱ्यांची नावं त्यांना हवी होती.

"देते," मी म्हणाले. "पण त्या घरच्यायले तुमी काय सांगितलं?"

"जे सांगतो तेच. डावरी हाये, दस्ता—"

"मंग आधी त्यायले फोन करा. सांगा का माल चांगला हाये, गिऱ्हाईक शोधा लागन. त्यायनं हो म्हटलं का मले फोन करा. तुमाले सांगायचं नसन तं त्या लोकायचा नंबर द्या, मी सांगते त्यायले दुसऱ्या दुकानात न्याले."

"तू मले धंदा शिकवून राह्यली, बेटी?"

"हो," मी म्हणाले, "शिकवून राह्यली."