पोरीचा घसा

घसा दुखतोय म्हटलं की लोक गुळण्या करतात. मी डॉक्टर गाठतो. बायको याला माझं वेड म्हणते आणि ते खरंही आहे, पण या वेडाला कारण आहे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, लहानपणी घसा सुजून तापली होती. ताप उतरला, पोरगी खेळायला लागली, सगळे विसरले. काही आठवड्यांनी तिचे सांधे सुजले, मग ते दुखणं काळजात उतरलं, आणि लग्नानंतर हृदयाची एक झडप बदलावी लागली. कुंभार पिंपळगावला तिचं सासर. आजही भरलेली बादली उचलली की ती धापा टाकत खाली बसते. तेव्हा घशाचं औषध पुरतं झालं असतं तर हे सगळं टळलं असतं, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. आईसमोर मात्र मी हा विषय कधी काढला नाही. जिनं आक्काला वाढवलं, तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मागच्या हिवाळ्यात माझी सहा वर्षांची मुलगी शाळेतून घसा धरूनच आली. तिला थुंकी गिळवेना. दिवेलागणीपर्यंत अंग नुसतं भाजत होतं. बायको नोकरीच्या ट्रेनिंगसाठी नागपूरला, आणि बदनापूरच्या घरात मी, आई आणि पोरगी. मी मेडिकलवरून तापाचं औषध घेऊन येईपर्यंत आईनं आपला इलाज उरकला होता. पोरीला मांडीत दाबून, हळदीत बोट बुडवून तिच्या घशातल्या गाठी दाबल्या होत्या. पोरगी हंबरडा फोडत होती. मी आईवर भयंकर ओरडलो. एरवी एका शब्दाला चार परत करणारी बाई, पण त्या दिवशी गप्प बसली. सकाळी माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी. गावातल्या दवाखान्यात नको, जालन्याला लेकरांच्या डॉक्टरकडे चल, म्हणाली. डॉक्टर म्हटलं की नाक मुरडणारी आमची आई! मला नवल वाटलं, पण भीतीपुढे नवल किती टिकणार? एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथं फोन करून सुट्टी सांगितली आणि आम्ही जीपमध्ये बसलो. वाटभर मी पोरीच्या कपाळावरचा हात काढला नाही, जणू माझ्या हातानंच ताप उतरणार होता.

डॉक्टरबाईंनी खोकला आहे का, सर्दी आहे का विचारलं. दोन्ही नव्हतं. मानेवरून बोटं फिरवून त्यांनी सुजलेल्या गाठी चाचपल्या. म्हणाल्या, लेकरांचे बहुतेक घसे आपोआप बरे होतात, पण एका जातीच्या जंतूंचा असेल तर अँटिबायोटिक द्यावंच लागतं. कापसाची काडी घशातून फिरवली की थोड्या वेळात इथंच कळेल. फक्त काडी घशातल्या दोन्ही गाठींना लागली पाहिजे. नुसती जिभेला लागून आली आणि ‘नाही’ निघालं, तर त्या ‘नाही’वर विसंबता येणार नाही.

एवढं ऐकणं मला घाबरायला पुरेसं होतं. काडी बघितली आणि पोरीनं दातावर दात घट्ट आवळले. पहिली काडी जिभेवरून घसरून आली, ती बाईंनी बादलीत टाकली. मी लाडीगोडी लावली, आमिषं दाखवली, शेवटी डोळे वटारले. थंडीच्या दिवसांत माझा शर्ट पाठीला चिकटला. त्या बंद तोंडाकडे पाहताना मला सारखी आक्का दिसत होती, भिंत धरून चालणारी. तेवढ्यात पोरगी दातांच्या फटीतून रडत म्हणाली, “आजी बोट घालती.”

आई माझ्या मागेच उभी होती. तिनं पदरानं हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते. “मी जाते भाईर,” ती पोरीला म्हणाली. “या बाई बोट न्हाई घालत, नुसती काडी हाय.” दार लागलं. पोरीनं दाराकडे नीट बघून घेतलं आणि आ केला. बाईंनी काडी इकडून तिकडे फिरवली, पोरीला उमासा आला, झालं.

कोरोनानंतर दोन रेघा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. तपासणीच्या पट्टीवर एक रेघ उमटली. दुसरीच्या जागी काहीच दिसेना. येताना जीपमध्ये मी आक्कासारखं काही निघू नये म्हणून देवाला विनवत आलो होतो, आता मात्र मला त्या एका रेघेचाही भरवसा वाटेना. काडी नीट लागली असेल ना? मग दुसरी रेघ आली, आधी पुसट, मग स्पष्ट. ज्याची भीती होती तेच निघालं, आणि मला हायसं वाटलं. आता निदान कशाशी लढायचं ते कळलं होतं. बाईंनी औषध लिहून दिलं आणि बजावलं की पोरगी तिसऱ्या दिवशी नाचायला लागली तरी दहा दिवस पुरे करायचे.

आई बाहेर बाकड्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, वर म्हणालो की औषध पुरं केलं तर घाबरायचं कारण नाही. तिनं डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाली, “आक्काचाबी घसाच व्हता.”

मी तिच्याशेजारी बाकड्यावर बसलो.

“तिच्या आपरेशनच्या टायमाला तिथल्या डॉक्टरनं सांगितलं मला. ताप उतरला अन् मीच तिचं औषध बंद केलं व्हतं. काल हिचा घसा पाह्यला अन् काय करावं सुचंना, म्हणून बोट घातलं.”

पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि तिनं आजीच्या मांडीवर डोकं टाकलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आक्काला कळू देऊ नको. तिला वाटंल, मायनंच...”

मी बरं म्हणालो. मला ही गोष्ट आक्कानंच सांगितली होती, आणि सांगताना हेच बजावलं होतं की आईला कळू देऊ नको.