साने काकांच्या टेबलावरचे बारा कॉम्प्युटर

चार माणसं दर शनिवारी एका टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप साठतात. आमचं टेबल साने काकांच्या फ्लॅटमधलं, आणि त्यावर जेवण सोडून सगळं असतं. काका तुआसच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले, वैदेही चिप डिझाइनवाली, मी चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत आयटीवाला. चौथ्या काकू. त्यांना विचारलंत तर म्हणतील, मी यांच्यातली नाही.

समोरच्या ब्लॉकखालच्या स्टडी सेंटरचे बारा वर्कस्टेशन भंगारात निघाले होते. मशीन धडधाकट. पण बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्रॅम जागा होतो, म्हणजे फर्मवेअर, त्याचे अपडेट कंपनीने बंद केले. अपडेट नाही तर नेटवर्क नाही, हा सेंटरचा नियम. कंपनीचं फर्मवेअर कुलूपबंद, म्हणून आम्ही त्याच्या जागी खुलं बसवायचं ठरवलं, जे कुणीही वाचावं आणि सुधारावं. काकांनी सेंटरच्या मिस लिमना शब्द देऊन टाकला. भंगाराची लॉरी चौथ्या शनिवारी येणार होती.

*

पहिल्याच शनिवारी, फर्मवेअर ज्या चिपमध्ये भरायचं तिला वैदेहीने क्लिप उलटी लावली. चिप तापली, हिचं बोट पोळलं. एवढीशी ती चिप, क्लिप कुठून लावायची ते सांगणारं तिचं पहिलं टोक दिसेना. काकांनी भिंगातून टोक शोधलं आणि काकूंनी आतून करंडा आणून तिथे कुंकवाचा ठिपका लावला. तेव्हापासून कुंकू लावल्याशिवाय आमच्याकडे चिपला कुणी हात लावत नाही.

फोटो इंटरनेटवर टाकले, तर जर्मनीतून एकाने विचारलं, या लाल पावडरीतून करंट जातो का? वैदेहीने लिहिलं, "नाही. मीटर लावून पाहिलंय."

काकांनी खरंच पाहिलं होतं.

*

दुसऱ्या शनिवारी एक मशीन आमच्या फर्मवेअरवर जागं झालं, आणि सगळे पंखे फुल स्पीडने सुटले. शेजारच्या आंटी दारात हजर. "व्हॉट नॉइज इज दॅट?"

काका अभिमानाने म्हणाले, "आंटी, इट्स अलाइव्ह."

"ओके लाह. अलाइव्ह, बट सॉफ्टर, कॅन?"

*

खुल्या फर्मवेअरमध्ये कुणी काही बदल केला की जगभरातले लोक तो तपासतात, मगच घेतात. काकांनी तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून इतरांची कामं परत पाठवली. आता त्यांचं पंखे हळू करण्याचं काम पोलंडमधल्या एका मुलीने नऊ वेळा परत पाठवलं.

काकू खूश. "आता कळलं, कसं वाटतं ते?"

"बरोबर करतेय ती पोरगी," काका म्हणाले आणि पुन्हा टायपिंगला बसले.

दहाव्यांदा मंजूर झालं. खाली काकांचं नाव होतं. आयुष्यभर त्यांनी तपासलेल्या यंत्रांवर नाव कंपनीचं असायचं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू!

*

मिस लिमच्या वरच्या मॅनेजरला शंका. "वॉरंटी हू गिव्ह?"

काकांनी खिडकीतून आपला ब्लॉक दाखवला. "नाइन्थ फ्लोअर. आय ॲम द वॉरंटी."

*

चौथ्या शनिवारी लॉरी आली तेव्हा बाराही मशीन चालू होती आणि त्यांच्यासमोर मुलं बसली होती. लॉरीवाले अंकल दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. हातात फॉर्म होता, त्यावर आधीच 'स्क्रॅप' छापलेलं. मिस लिम म्हणाल्या, "सॉरी अंकल, नथिंग टू टेक."

ते वळून लॉरीकडे गेले. आम्हाला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी ट्रॉली ढकलत परत आले. ट्रॉलीवर अगदी त्याच मॉडेलचे पाच वर्कस्टेशन, सकाळी हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसातून उचललेले, आणि त्यांचा वेगळा फॉर्म.

"धिस वन ऑल्सो कॅन?"

काकांनी हात पुढे केला. फॉर्म घेतला, पाचही मशीनसमोरचा 'स्क्रॅप' शब्द एकेक करून खोडला आणि तिथे लिहिलं, 'वर्किंग'.

"अंकल, यू हॅव नॉट ओपन येट," लॉरीवाले म्हणाले.

काकांनी खाली सही केली.